३, ५, ७, ८ ची उलटापालट करून सगळ्यांची बेरीज: आठवीच्या पोरांना कसं समजवायचं?

शिकवणीवाली_ताई
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यावर स्कॉलरशिपची शिकवणी घेते. गाईडात हे गणित आलंय: ३, ५, ७, ८ हे अंक प्रत्येकी एकदाच वापरून जेवढ्या चार अंकी संख्या होतात त्या सगळ्यांची बेरीज किती? पर्याय १५३३१८, १५३३०८, १५२३१८, १४३३१८. उत्तर पहिलं, खाली एका ओळीत फॉर्म्युला टाकून दिलाय, तो कुठून आला ते काही नाही. पोरांनी काय केलं तर सरळ सगळ्या संख्या लिहायला घेतल्या. एका पोरीच्या बरोब्बर २४ निघाल्या आणि बेरीजही जुळली, पण एवढ्यात अर्धा पेपर सुटला असता. बाकी कोणाच्या २२, कोणाच्या २३, एका हुशाराच्या २५ कारण ५३७८ दोनदा. फॅक्टोरियल (३ × २ × १ असा गुणाकार) त्यांना आलेलं नाही आणि मला एवढ्यासाठी ते शिकवायचं पण नाही. बेरीज, गुणाकार, हातचा एवढ्यावर बसेल असं कोणी सांगाल का?

खाकीचं_सपान
ताई सोप्पं हाय. अंक चार, एक कमी केला तीन, तीनचा फॅक्टोरियल ६. अंकाइची बेरीज २३. चार अंक म्हून चार येळा एक, ११११. गुना ६ × २३ × ११११, झालं १५३३१८. अभ्यासिकेत आमी सगये असंच करतो, तीस सेकंदात होते. कारन पेपरात कोनी इचारत नाई.

शिकवणीवाली_ताई
भाऊ हाच फॉर्म्युला गाईडात आहे. पोरगी विचारते ११११ काहून गुणायचं, काय सांगू?

खाकीचं_सपान
सांगा का नियम हाय 😄

वावरातला_मास्तर
ताई, मी झेडपीतून रिटायर झालेला माणूस, आता वावर आणि नातवंडं. माझं ऐकाल तर चारवरून सुरू करू नका, तीन अंकांवर या. २, ४, ७ घ्या. पोरांना फळ्यावर एकाखाली एक लिहायला लावा, क्रमानं, म्हणजे आधी २ नं सुरू होणाऱ्या, मग ४, मग ७.

२४७
२७४
४२७
४७२
७२४
७४२

आता बेरीज करू नका म्हणा. फक्त एककाचा उभा रकाना पाहा. ७, ४, ७, २, ४, २. प्रत्येक अंक दोनदा. दशकाचा पाहा, ४, ७, २, ७, २, ४, परत दोनदा. शतकातही तेच. कोणत्याही रकान्याची बेरीज २६, कारण २+४+७ = १३ आणि ते दोनदा. मग काय उरलं? २६ एकक, २६ दशक, २६ शतक. हातच्यानं करा: एककात २६ चे ६ मांडले हातचे २, दशकात २६ नि २ अठ्ठावीस, ८ मांडले हातचे २, शतकात २८. झाले २८८६. पोरं खरी बेरीज करून पाहतील, पाहू द्या, तीच येईल. आणि १११ कुठून आलं हे तुम्हाला सांगायचं कामच पडत नाही, एक एकक एक दशक एक शतक म्हणजेच १११, पोरगी स्वतःच म्हणेल.

मग विचारा की दोनदाच काहून. एककात ७ बसवून ठेवला तर उरले २ आणि ४, ते दोन जागांवर दोनच रीतीनं बसतात. चार अंकांत एककात ८ बसवला तर उरले तीन, ते किती रीतीनं बसतात ते पोरांनी आत्ताच फळ्यावर लिहिलं ना, ६. म्हणून प्रत्येक अंक प्रत्येक रकान्यात ६ वेळा. २३ × ६ = १३८. चारही रकान्यांत १३८. एककात ८ हातचे १३, मग १५१ चा १ हातचे १५, मग १५३ चे ३ हातचे १५, शेवटी १५३. लिहा: १५३ ३ १ ८. फॅक्टोरियलचं नावही घ्यावं लागलं नाही.

रातपाळी_पंप
मास्तर जबरी. लाइन रात्रीचीच देतेत, मोटर चालू करून बांधावर बसून वाचू राहिलो, हरभऱ्याले पाणी चालू हाय. आमच्या वेळी असं कोनी शिकवलं असतं तर मी पन बारावीले गनितात काठावर नसतो लटकलो 😂

शिकवणीवाली_ताई
मास्तर, हे पाहिजे होतं मला! हातच्यावालं तर फारच आवडलं. उद्याच घेते.

खामगावचा_बापू
मी थोडा वेगळा विचार करतो, सरासरीचा. एककाच्या रकान्यात सगळे अंक सारख्याच वेळा येतात म्हणजे त्या रकान्याची सरासरी २३ भागिले ४ = ५.७५, दशकाची पण ५.७५, सगळीकडे तीच. म्हणजे सगळ्या संख्यांची सरासरी ५.७५ × ११११ = ६३८८.२५. अशा संख्या २४, तर गुणिले २४. तेच १५३३१८. माझ्या मते हे जास्त मजबूत आहे कारण एखादा अंक दोनदा आला तरी सरासरी हलत नाही, फक्त २४ च्या जागी दुसरा आकडा येतो.

वावरातला_मास्तर
बापू बरोबर आहे तुमचं पण दशांश अपूर्णांक पाहून आठवीची पोरं पळतात हो. सहावेळचा रकाना त्यांना डोळ्यानं दिसतो.

खाकीचं_सपान
मास्तर मले एक सांगा, पर्याय देल्ले असले तर एवढं काहून करावं. ११११ ले ११ नं भाग जाते. म्हून उत्तराले बी ११ नं भाग गेलाच पाह्यजे. १५३३१८ ले जाते, बाकी तिघाइले जात नाई, पटकन टिक मारा नं पुढं चला. मी तं असंच करतो.

खामगावचा_बापू
हे मात्र भारी आहे. चारही तपासले, खरंच फक्त पहिल्यालाच भाग जातो.

शिकवणीवाली_ताई
मग आता हे घ्या, त्याच गाईडातलं पुढचं. ०, २, ४, ७ हे अंक एकदाच वापरून होणाऱ्या सर्व चार अंकी संख्यांची बेरीज. गाईडात उत्तर ८६६५८. मला पटत नाही.

खाकीचं_सपान
बरोबर हाय ताई. ६ × १३ × ११११ = ८६६५८. आन् ११ नं भाग बी जाते पाहा.

रातपाळी_पंप
अबे पन ०२४७ चार अंकी हाय का? आमच्या सातबाऱ्यावर गट नंबर ०२४७ असता तर तलाठ्यानं २४७ च लिहिला असता 😄

खाकीचं_सपान
तं काय झालं, संख्या तं होते नं. गाईडवाल्यानं काय उगाच छापलं असन?

वावरातला_मास्तर
गाईडवाल्यानं उगाचच छापलंय. कोणतं गाईड ते विचारत नाही, पण अशी गाईडं पाहण्यात आहेत, फॉर्म्युला दिसला की अंक कोंबायचे नि उत्तर छापायचं. प्रश्नात "चार अंकी" असं साफ लिहिलंय. ०२४७ म्हणजे २४७, तीन अंकी. या गाळल्या पाहिजेत. किती आहेत? पुढं शून्य बसवला तर मागं २, ४, ७ ची उलटापालट, म्हणजे वर मी फळ्यावर लिहिल्या त्याच सहा. आणि त्यांची बेरीज काढूनच ठेवली आहे, २८८६. तर ८६६५८ वजा २८८६ = ८३७७२. हे खरं उत्तर, आणि संख्या १८.

रकान्यानं पण ताडून पाहा. हजाराच्या जागी शून्य येऊच शकत नाही, २, ४, ७ प्रत्येकी सहा वेळा, म्हणजे ७८. एककाच्या जागी शून्य सहा वेळा येतो, आणि राहिलेल्या १२ जागा तिघांत वाटून प्रत्येकी ४, म्हणजे १३ × ४ = ५२. दशक, शतकाचं पण ५२. ७८००० + ५२०० + ५२० + ५२ = ८३७७२. दोन वाटांनी तेच आलं.

खामगावचा_बापू
आणि गंमत पाहा, ८३७७२ ला ११ नं भाग जात नाही, चुकीच्या ८६६५८ ला जातो. म्हणजे खाकीभाऊची ११ ची युक्ती इथं बरोबर उलटं टिक मारून येईल. शून्य दिसला की ती युक्ती बंद ठेवायची.

खाकीचं_सपान
हाव, शून्याचं मी डायरीत येगळं लिहून घेतलं. पन पेपराची आन्सर-की गाईडवाल्यासारखी आली तं मार्क कोन देईन?

शिकवणीवाली_ताई
आक्षेप घ्यायचा भाऊ, परीक्षा परिषद अंतरिम उत्तरसूची लावते तेव्हा आक्षेप मागवते.

पोथीवाले_काका
उशिरा आलो, तूर सोंगणं चालू आहे. हा विषय पाहून राहवलं नाही. मंडळी, हे गणित काही गाईडवाल्यांनी नाही काढलं. भास्कराचार्यांच्या लीलावतीत शेवटी अंकपाश म्हणून प्रकरण आहे, ग्रंथ शके १०७२ चा, म्हणजे इसवी सन ११५०, आचार्यांचं वय तेव्हा ३६. त्यात नेमकं हेच विचारलंय की दिलेल्या अंकांच्या किती संख्या होतात आणि त्या सगळ्यांची बेरीज किती. उदाहरणं पण सोप्याकडून अवघडाकडे. २ आणि ८ घेतले तर २८ आणि ८२, बेरीज ११०. मग ३, ९, ८, सहा संख्या, बेरीज ४४४०. आणि मग एकदम २ पासून ९ पर्यंत आठही अंक! ४०३२० संख्या होतात आणि बेरीज २४६३९९९९७५३६०. ही काही कोणी लिहून काढणार नाही, रीतच पाहिजे.

रीत त्यांची अशी: जेवढे भेद (उलटापालटीनं होणाऱ्या संख्या) होतात त्यांना अंकांच्या संख्येनं भागा, अंकांच्या बेरजेनं गुणा, आणि आलेलं उत्तर प्रत्येक स्थानी एकेक घर सरकवून मांडून बेरीज करा. म्हणजे मास्तरांचा रकानाच झाला की हो.

कोडवाला_दिग्रस_पुणे
काका ती २ ते ९ वाली मी आत्ता लॅपटॉपवर पायथननं सगळ्या ४०३२० तयार करून बेरीज मारली, शेवटच्या ६० पर्यंत तंतोतंत तीच आली. डोळे मिचकवायच्या आत. ११५० साली कागद पण धड नसेल.

पोथीवाले_काका
त्यांनी यंत्र नाही वापरलं, म्हणूनच रीत काढावी लागली. आणि बापूंनी वर म्हटलं ना की एखादा अंक दोनदा आला तर, तेही आचार्यांनी सोडलेलं नाही. २, २, १, १ अशी चार. याच्या संख्या सहाच होतात, बेरीज ९९९९. आणि ४, ८, ५, ५, ५ च्या २० संख्या, बेरीज ११९९९८८.

रातपाळी_पंप
९९९९ लय भारी आलं. पन काका संख्या ६ आन् अंक ४, सहाले चारनं भागलं तं दीड येते. रकान्यात अंक दीड येळा कसा येईन? अर्धा अंक कोनी लिहिला?

पोथीवाले_काका
चांगलं पकडलं. दीड वेळा एकेक "प्रत" येते असं समजा, पण एकाच्या प्रती दोन आहेत ना, म्हणून १ हा अंक दीड दुणे तीन वेळा. लिहूनच पाहा: ११२२, १२१२, १२२१, २११२, २१२१, २२११. एककात २, २, १, २, १, १. तीनदा एक, तीनदा दोन, बेरीज ९. सगळ्या रकान्यांत ९, म्हणून ९९९९. सहाला चारनं भागून अंकांच्या बेरजेनं म्हणजे सहानं गुणलं तरी ९ च येतात. अर्धा कुठं शिल्लक राहत नाही.

खामगावचा_बापू
दुसरं मी केलं. २० ला ५ नं भागलं ४, अंकांची बेरीज २७, १०८. १०८ × १११११ = ११९९९८८. आणि २० कसे, तर पाच अंकांच्या १२० होतात पण तीन पाच सारखे, ते आपापसात सहा रीतीनं फिरले तरी कळत नाही, म्हणून १२० ला ६ नं भागायचं.

पोथीवाले_काका
शाबास. त्याच प्रकरणात आणखी एक आहे जे पोरांना फार आवडेल. शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं, हातांची अदलाबदल केली तर मूर्तीचे किती प्रकार? ३६२८८००. आणि विष्णूच्या चार हातांत गदा, चक्र, कमळ, शंख, त्याचे २४. मेहकरच्या बालाजीचं दर्शन घेतलं असेल कोणी तर कोणत्या हातात काय ते आठवून पाहा. केशव, नारायण, माधव ही जी चोवीस नावं आपण घेतो त्या मूर्ती याच क्रमावरून ओळखतात. ताईंचे ३, ५, ७, ८ चे २४ आणि हे २४ एकच. नंतर १३५६ साली नारायण पंडितांनी गणितकौमुदीत अंकपाशावर फार सविस्तर लिहिलं, पण ते इथं काढलं तर तूर वावरातच राहील.

शिकवणीवाली_ताई
काका हे मूर्तीचं उद्याच सांगते. आमच्या इथं एक पोरगं गणिताला कंटाळतं पण भजनाला पुढं असतं, त्याला हेच पाहिजे 😊

संत्रा_मोर्शी
राम राम. मी शिकलेला कमी, पण एक खेळ करतो, संत्र्याच्या मंडीत गाड्या खाली होईपर्यंत पोट्टेइले घुमवतो. कोनताही तीन अंकी आकडा मनात धरा, मले सांगू नका. त्याची उलटापालट करून बाकीचे पाच आकडे लिहा, त्याइची बेरीज फक्त सांगा. मी तुमचा आकडा सांगतो.

रातपाळी_पंप
३७८१. सांगा.

संत्रा_मोर्शी
६५९.

रातपाळी_पंप
🙏 काय जादू हाय बाप्पा. परत. २०८१.

संत्रा_मोर्शी
८०५. तुमी ०८५ आन् ०५८ ले पन मोजलं असन, मोजा, चालते.

खाकीचं_सपान
अजी हे कसं करता जी? सहाची बेरीज २२२ गुनिले अंकाइची बेरीज हे समजलं. पन पाचाचीच सांगतली तं अंकाइची बेरीज तुमाले कुठून भेटली?

खामगावचा_बापू
अंदाजानं पाहता येईल. ३७८१ च्या पुढचे २२२ चे पट घ्यायचे. २२२ × १८ = ३९९६, वजा ३७८१ केले तर २१५, पण २१५ ची अंकबेरीज ८, अठरा पाहिजे होती, बाद. १९ ला ४३७, बेरीज १४, बाद. २० ला ४४४० वजा ३७८१ = ६५९, बेरीज २०, जुळली. असे चार-पाच पट तपासले की झालं. (४४४० म्हणजे काकांची ३, ९, ८ वाली पण बेरीज, दोन्हीची अंकबेरीज २०.)

संत्रा_मोर्शी
मी एवढे नाई तपासत जी. माह्या आज्यानं शिकवलं तसं करतो. सांगतलेल्या बेरजेचे अंक मिळवा, एक अंक येईपर्यंत. ३७८१ चे १९, १९ चे १०, १० चा १. त्याची दुप्पट २. मंग अंकाइची बेरीज २, ११ नाईतं २० असन, नऊ-नऊनं पुढं. २२२ ले त्यानं गुनलं तं सांगतलेल्या आकड्याहून मोठं पहिले कोनतं होते? २० चं. मंग वजा करा. काहून होते ते आज्याले मालूम असन, मले नाई.

कोडवाला_दिग्रस_पुणे
भाऊ आज्यानं मोड्युलर अंकगणित शिकवलंय तुम्हाला! सांगतो. कोणतीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज, दोघांना ९ नं भागलं की बाकी सारखीच. अंकबेरीज "ब" धरा. सांगितलेली पाचांची बेरीज अधिक लपवलेला आकडा = २२२ × ब. आता ९ नं भागल्याची बाकीच पाहायची. २२२ ची बाकी ६, लपवलेल्या आकड्याची बाकी ब सारखीच. म्हणजे पाचांची बेरीज + ब हे ६ ब सारखं, म्हणून पाचांची बेरीज ५ ब सारखी. दोन्हीकडे दुप्पट करा, १० ब, आणि १० ची बाकी १. म्हणजे बेरजेची दुप्पट = ब. हीच आज्याची दुप्पट.

आणि उत्तर एकच का? ब मध्ये ९ चा फरक पडला तर २२२ × ९ = १९९८ चा फरक पडतो, आणि तीन अंकी आकडा ९९९ च्या वर जातच नाही, म्हणून दोन आकडे बसूच शकत नाहीत. खात्रीसाठी १०० ते ९९९ सगळे फिरवले, कोणत्याही दोघांची बेरीज सारखी आली नाही.

संत्रा_मोर्शी
लय झालं समजावून. आता मंडीत पोट्टेइनं इचारलं तं तुमचा मेसेज दाखवतो.

वावरातला_मास्तर
या धाग्यात मला हा खेळ सगळ्यात मोलाचा वाटला. ताई, रकाना शिकवून झाला की लगेच हा घ्या, पोरं घरी जाऊन आई-बापाला खेळवतील आणि खेळता खेळता २२२ त्यांचं पाठ होईल. फक्त अंकांची बेरीज मिळवताना सांभाळा, ९ आले तर दुप्पट १८, म्हणजे परत ९ च.

शिकवणीवाली_ताई
घेतलं आज. रकाना दहा मिनिटांत समजला, तीन-चार जणांनी ३, ५, ७, ८ वाला न लिहिता काढला. खेळ तर विचारूच नका, सुटी झाली तरी जाईनात. आणि ती २४ बरोबर काढणारी पोरगी आता म्हणते १ ते ९ सगळे अंक घेतले तर?

कोडवाला_दिग्रस_पुणे
तिला सांगा, प्रत्येक अंक प्रत्येक घरात ४०३२० वेळा, अंकांची बेरीज ४५, रकाना १८१४४००. नऊ घरांत मांडून बेरीज २०१५९९९९९७९८४००. काकांच्या २ ते ९ वाल्यातल्या एकूण संख्या पण ४०३२० च होत्या, तिला विचारा हे दोन आकडे सारखे काहून आले, पाहू काढते का.

खाकीचं_सपान
आता माह्यावालं. सराव पेपरात आलं: १, ३, ५, ७, ९ यातले कोनतेही तीन घेऊन तीन अंकी संख्या, अंक परत नाई, सगळ्याइची बेरीज. इथं तं फॉर्म्युला बसतच नाई, अंक पाच आन् घरं तीन.

वावरातला_मास्तर
काकांची रीत लाव ना बाबू. किती संख्या होतात?

खाकीचं_सपान
पाच चोक वीस, वीस त्रिक साठ. ६०.

वावरातला_मास्तर
मग एका रकान्यात ६० अंक, आणि पाच जण सारखे वाटेकरी.

खाकीचं_सपान
६० भागिले ५, १२ येळा. अंकाइची बेरीज २५, रकाना ३००. तीन घरं, ३०० × १११ = ३३३००. पर्याय क मध्ये हाय.